ओली बाजू, कोरडी बाजू

आमच्या घरात माणसांपेक्षा दात जास्त होते. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात आमच्या राहायच्या दोन खोल्या आणि पुढे, रस्त्याच्या अंगाला, अण्णांची कामाची खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कवळ्या बनवायचे. गावातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे ठसे घेऊन पाठवून द्यायचे. त्या ठशांत अण्णा प्लॅस्टर ओतून साचे काढायचे आणि साच्यावर एकेक दात बसवत कवळी तयार करायचे. भिंतीवरच्या फळीवर पांढऱ्याशुभ्र जबड्यांची रांग लागलेली असायची. नवीन बिऱ्हाडातली एखादी बाई विरजण मागायला म्हणून चुकून पुढच्या दारानं आत यायची आणि ती रांग बघून आल्या पावली माघारी पळायची. दिवसभर कानशीची खरखर, स्टोव्हची घरघर, पलीकडच्या तालमीतले शड्डू, आणि पेठेच्या संघानं फुटबॉलची मॅच मारली की कानाचे पडदे फाटतील असे फटाके. या सगळ्याच्या वरताण आवाज एकच, माझ्या आईचा. "साऱ्या गावाला चावायला शिकवताय, आन् तुमचीच भाकरी हितं गार व्हायला लागलीया!" असं ती आतून ओरडली, की अण्णा हातातला जबडा खाली ठेवून मुकाट जेवायला उठायचे.

आई गडहिंग्लजकडची. तिचा स्वयंपाक तिखट, बोलणं त्याहून तिखट. तिच्या राज्यात सगळ्यांत मोठा मान होता काकवीच्या बरणीला. मामाच्या गावच्या गुऱ्हाळातून दर साली डबा यायचा. गरम भाकरीच्या पोटात काकवी ओतायची, वर तूप सोडायचं, आणि हात कोपरापर्यंत चिकट होईस्तोवर खायचं. त्या काकवीवर आमच्याइतकाच डोळा मुंग्यांचा होता, आणि आईनं त्यांच्याशी उभं वैर धरलं होतं. जाळीच्या कपाटाचे चारही पाय तिनं पाण्यानं भरलेल्या वाट्यांत उभे केले होते. सकाळी उठल्यावर चुलीला पोतेरं घालायच्या आधी ती त्या वाट्या बघायची. पाणी आटलेलं असलं तर त्या दिवशी घरात कुणाची धडगत नसायची. अशा घरात मी मुंग्या पाळल्या. आज ऐंशी ओलांडल्यावर लिहिताना माझं मलाच हसू येतं.

सुरुवात झाली ती श्रावणातल्या एका संध्याकाळी. कामाच्या खोलीतल्या दिव्यावर पंखवाले मुंगळे येऊन आदळत होते. त्यातला एक चांगला बोटाच्या पेराएवढा, पंख गळालेला, अण्णांच्या पाटाखाली कोपरा शोधत फिरत होता. अण्णा म्हणाले, "ही राणी असणार बघ. आता कुठंतरी बीळ धरंल आन् घर करंल." मी काचेच्या बरणीत माती घातली आणि तिला आत सोडली. का सोडली, ते मला सांगता येणार नाही. एवढं एकटं, एवढं घाईत असलेलं आणि तरी एवढं ठाम असं काही मी तोवर पाहिलं नव्हतं, एवढंच आठवतं. तिनं काचेला लागून एक खोली कोरली. काही दिवसांनी तिच्यापुढे बारीक पांढऱ्या अंड्यांचा पुंजका दिसला. मी हरखून गेले, आणि तहान लागली असेल म्हणून रोज सकाळी वाटीभर पाणी ओतू लागले.

कोल्हापूरचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. भिंतींना घाम सुटतो, दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, चपलांवर हिरवं मखमल चढतं. त्यात माझं वाटीभर पाणी. अंड्यांवर कापसासारखी बुरशी धरली आणि एका सकाळी राणी पाय आवळून पडलेली दिसली. पुढच्या वर्षी दुसरी राणी धरली. या खेपेला शहाणी होऊन पाणी बेतानं दिलं, आणि माझं नशीब फळफळलं. दसऱ्यापर्यंत बारीक बारीक कामकरी मुंगळे राणीभोवती फिरू लागले. थंडी निघाली. चैत्रात आम्ही मामाच्या गावी गेलो. परत आलो तेव्हा बरणीतली माती कडेनं सुटून तिला भेगा पडल्या होत्या. मुंगळे सगळ्यांत खालच्या भेगेत एकावर एक गोळा होऊन मेले होते. जिथं ओलावा शेवटपर्यंत टिकला असेल, तिथं. त्यांच्या तोंडात अजून अळ्या होत्या.

मी रडत बसले नाही, पण जेवलेही नाही. आईनं ताट दोनदा पुढं सारलं आणि तिसऱ्यांदा झाकून ठेवलं. संध्याकाळी अण्णांनी मला कामाच्या खोलीत बोलावलं. फळीवरचा एक वाळलेला साचा काढला आणि त्याच्या एका टोकावर पाण्याचे थेंब टाकले. थेंब टेकताक्षणी नाहीसे झाले. पांढऱ्या प्लॅस्टरवर करडा डाग उठला आणि हळूहळू पसरत गेला.

"बघितलंस? माती एक तर चिखल हुती, न्हाईतर ढेकूळ. प्लॅस्टर तसं न्हाय. पाणी पितंय, धरून ठेवतंय, आन् सावकाश सोडतंय. आणि किती ओलं झालंय ते रंगावरनं दिसतंय की."

"पण अण्णा, ह्याच्यात बीळ कसं पाडायचं?"

"जबड्याचा साचा पाडता येतोय, बिळाचा येईना व्हय?"

मग आम्ही दोघांनी ते घर केलं. फोटोच्या चौकटीतली एक काच घेतली, तिला तेलाचा हात लावला. पंचगंगेकाठची चिकणमाती मळून मी तिच्या खोल्या वळल्या, चपट्या, लांबट, आणि त्यांना जोडणाऱ्या सुतळीएवढ्या वाटा. सगळं काचेवर मांडलं, भोवती लाकडी पट्ट्या लावल्या आणि अण्णांनी वरून प्लॅस्टर ओतलं. घट्ट होताना प्लॅस्टर गरम होतं. त्यावर हात ठेवून मी उभी होते, आणि कुठल्यातरी जिवंत जनावराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटत होतं. वाळल्यावर उलटं केलं, माती कोरून काढली आणि आत माझ्या खोल्या, माझ्या वाटा. एका टोकाला अण्णांनी पाणी घालायला एक खळगा ठेवला होता. त्याला आम्ही हौद म्हणायचो. वर काच, काचेवर काळं कापड, आणि सगळं घर पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवलेलं, म्हणजे कुणी बाहेर निघालंच तरी आईच्या राज्यात पोचायचं नाही. परात आईची होती. तिनं ती दिली कधी ते मला कळलंच नाही. विचारलं तर म्हणाली, "पोचा आलेली हाय. तसं बी मोडीतच घालणार हुते."

त्या पावसाळ्यात धरलेली तिसरी राणी मात्र माझी खरी राणी. दिवाळीपर्यंत तिची पिलावळ त्या घरात नांदू लागली. काकवीचा एक थेंब आणि उकडलेल्या अंड्याचा कण एवढं त्यांचं जेवण. पण ओलाव्याचं कोडं सुटलं नव्हतं. हौद भरला की पाणी सगळीकडे झिरपायचं, काचेला आतून दव धरायचं आणि मुंगळे कोपऱ्यात दाटीवाटी करून बसायचे. घाबरून मी पाणी तोडायचे. मग घर पांढरं फटक पडायचं आणि अळ्या सुरकुतायच्या. ओल किती हवी, हे मी ज्याला त्याला विचारत सुटले होते. शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मालती, आधी 'मी आलो, मी गेलो' म्हणायचं सोड. मुलीच्या जातीनं 'आले, गेले' म्हणावं." आम्ही कोल्हापूरच्या पोरी सगळ्याच तसं बोलायचो, अजूनही बोलतो. ओलीचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही.

उत्तर मिळालं ते स्टोव्हमुळे. कवळ्या पक्क्या व्हाव्यात म्हणून अण्णा त्यांची साच्याची भांडी उकळत्या पाण्यात सोडायचे तो स्टोव्ह खोलीच्या कोपऱ्यात होता. एका सुट्टीच्या दुपारी माझी परात जागा नाही म्हणून त्याच्या शेजारी सरकवली गेली. हौदाचं टोक भिंतीकडे, दुसरं टोक स्टोव्हकडे. तासाभरानं मी कापड उचललं आणि बघतच राहिले. हौदाकडचा अर्धा भाग करडा, ओला. स्टोव्हकडचा पांढरा, कोरडा. दोघांच्या मधे एक वेडीवाकडी रेघ. आणि मुंगळ्यांनी आपला संसार त्या रेघेवर वाटून मांडला होता. अंडी आणि बारक्या अळ्या ओल्या बाजूला. मोठ्या अळ्या रेघेच्या आसपास. कोषात गेलेली पिल्लं, ते फिकट बदामी कोष, पार कोरड्या खोलीत, एकमेकांना न चिकटता, उन्हात पापड घालावेत तशी. स्टोव्ह विझल्यावर रेघ सरकली. तसा एकेक मुंगळा येऊन कोष उचलायचा आणि रेघेच्या मागं मागं नेऊन ठेवायचा.

मी ओरडले. आई पीठ लागल्या हातानं धावत आली. तिला वाटलं भाजलं.

"आई, बघ! त्यांना एकसारखी ओल नकोच हाय! ज्याला जशी पायजे तशी ते स्वतःच घेत्यात! आपण फकस्त एक बाजू ओली ठेवायची आन् एक कोरडी!"

आई काचेवर वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. एक मुंगळा आपल्याएवढा कोष तोंडात धरून वाटेनं चालला होता, दुसरा समोरून आला, दोघांनी मिशा लावल्या आणि पहिल्याला वाट दिली.

"अगं बाई," आई म्हणाली. "ल्येकरं वल्यात निजल्यात म्हणून उचलून कोरड्यात न्यायला लागल्यात की ह्या." त्या दिवसापासून मुंगळे तिच्या बोलण्यात 'ते' होते ते 'ह्या' झाले. हौदात पाणी घातलं का, हे मी विसरले तरी ती विसरत नसे. कपाटाच्या वाट्या भरता भरता डोळ्यांत औषध घालायची ती काचनळी घेऊन हौदातही थेंब सोडायची. कपाटातल्या मुंग्यांशी वैर चालूच होतं. या वेगळ्या होत्या, या घरच्या.

परवा माझा नातू मोबाईलवर मला दाखवत होता. आता म्हणे मुंग्यांची घरं तयार विकत मिळतात, ओल मोजायचा काटाही बसवलेला असतो. मी त्याला म्हटलं, काटा चांगलाच आहे, पण तो तुला आकडा सांगेल. आपल्या पोरांना कुठं निजवायचं ते मुंग्यांना विचार. तो हसला. त्याला वाटलं आजी कोडं घालतेय.

मुंगळ्यांची ती रेघ सापडल्यावर आलेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत प्रदर्शन भरलं. त्या जूनपासून आमच्या वर्गाला विषय निवडायचे होते, म्हणजे निवडायचे असं नुसतं म्हणायचं. आमची मुलींची शाळा. शास्त्राची प्रयोगशाळा नव्हती, ती शेजारच्या बोळातल्या मुलांच्या शाळेत. मुलींना गृहजीवन, शिवण आणि गायन. शास्त्र हवं असं मी आणि माझी मैत्रीण शालन वर्षभर म्हणत होतो आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, "बघू" म्हणत होत्या. त्यांचा 'बघू' सगळ्या शाळेला माहीत होता. त्यातून काही बाहेर पडायचं नाही. प्रदर्शनात मुलींनी भरतकाम, रुमाल, लोणची, रांगोळ्या मांडायच्या. मी मुंग्यांचं घर मांडते म्हटल्यावर मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. पण नाही म्हणाल्या नाहीत, एवढं खरं.

प्रदर्शनाच्या दिवशी परात आईनं कमरेवर घेतली. पेठेतून आम्ही चाललो तर तालमीच्या कट्ट्यावरून एक आवाज आला, "काय वैनी, मासं धरलं काय रंकाळ्यातनं?" आई मान न वळवता म्हणाली, "मुंगळं हायती. सोडू काय अंगावर?"

शाळेत मोठ्या बाईंनी लोणच्यांच्या टेबलाजवळ मुंग्या नकोत म्हणून आम्हाला हॉलच्या टोकाला, पश्चिमेच्या खिडकीत जागा दिली. सकाळी तिथं छान सावली होती. दुपारी शालनच्या हाती परात सोपवून मी स्वागतगीताला गेले, कारण गाणाऱ्या मुलींत माझा नंबर होता. पाहुण्यांची भाषणं लांबली. पाहुणे म्हणजे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्रोफेसर. उंच, वाकलेले, काळी टोपी घातलेले. भाषणं संपून मी धावत हॉलमध्ये आले तेव्हा ऊन खिडकीतून सरळ काचेवर आलं होतं. शालन रडकुंडीला येऊन हातभर रुमालानं सावली धरायचा प्रयत्न करत होती. कापड उचललं तर आत सगळं पांढरं. करडी रेघ हौदाच्या कडेला बोटभर उरलेली. मुंगळे अंडी तोंडात धरून सैरावैरा पळत होते. कोरड्या भेगेतला तो चैत्रातला गोळा माझ्या डोळ्यांपुढे आला.

"आई!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

आई लोणच्याच्या टेबलापाशी कुणाशी तरी बोलत होती. तिनं एकदा बघितलं, येऊन खिडकीला पाठ लावून उभी राहिली आणि पदर दोन्ही हातांनी पसरला. परातीवर सावली पडली. "आता रडू नगंस. नळी घे," ती म्हणाली.

माझ्या मनात होतं अख्खा तांब्या हौदात ओतावा. हात तांब्याकडे गेलाही. पण तापलेल्या घरात एकदम पाणी सोडलं की वाटांतून लोंढा जाणार आणि काचेला दव धरून सगळी अडकणार, हे मला आता ठाऊक होतं. मी माठातलं पाणी घेतलं आणि काचनळीनं हौदात थेंब सोडू लागले. एक थेंब, थांबायचं, प्लॅस्टरनं पिऊ द्यायचं. मग दुसरा. शालननं रुमाल भिजवून घराच्या बाहेरच्या बाजूला गुंडाळला. भोवती मुली जमल्या, मग त्यांच्या आया, मग शिक्षिका. करडा रंग हौदाकडून निघाला. पहिल्या खोलीत आला. दुसरीच्या उंबऱ्याला लागला. एक मुंगळा रेघेपाशी थांबला, मिशा फिरवल्या, आत जाऊन तोंडातली अळी ठेवली आणि परत निघाला. वाटेत भेटेल त्याला मिशा लावत गेला. बघता बघता त्याच्या मागून दुसरा, तिसरा, आणि मग रांगच लागली. अंडी, अळ्या, सगळं ओल्या खोलीत. शेवटी राणी स्वतः आपलं जड पोट ओढत रेघ ओलांडून आली, आणि कुणीतरी बाई मागून म्हणाली, "आली गं माय!" सगळ्या हॉलनं श्वास सोडला.

माझ्या खांद्यावरून एक काळी टोपी केव्हाची वाकलेली होती, ते मला तेव्हा कळलं.

"कोष मागेच का ठेवले त्यांनी?" प्रोफेसरांनी विचारलं.

"त्यास्नी कोरडं लागतंय. वल्यात राहिलं की बुरशी धरती. सावली झाली, हवा थंड झाली, आता त्यास्नी तिथंच बरं हाय," मी म्हणाले. बाईंनी शिकवलेलं सगळं शुद्ध बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच," मी काचेकडे बोट केलं.

ते मोठ्यांदा हसले. मग खुर्ची मागवून काचेपुढे बसले आणि बक्षीस समारंभाची वेळ टळून गेली तरी उठेनात. हौद कसा केला, प्लॅस्टर कोणतं, अळीला काय चारतेस, सगळं विचारलं. शेवटी मोठ्या बाईंकडे वळून म्हणाले, "ही मुलगी शास्त्राच्या वर्गात कशी आहे?"

मोठ्या बाई चाचरल्या. "आमच्याकडे मुलींना... म्हणजे प्रयोगशाळा मुलांच्या शाळेत आहे. पालकांनाही ते पसंत नसतं, मुलींनी तिथं जाणं."

आई अजून पदर धरून उभीच होती. ती म्हणाली, "कुठल्या पालकाला पसंत न्हाय? मला कुणी इचारलंय? ह्या माझ्या पोरीला शास्त्र शिकायचं हाय. बोळ वलांडून जायाचं, एवढीच गोष्ट हाय की. मी स्वतः पोचवते, स्वतः आणते. आणखी कुणाच्या आईची ना असंल तर आत्ता म्हणावं."

मग लोणच्याच्या टेबलामागून शालनची आई, जिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, म्हणाली, "आमची बी जाईल."

प्रोफेसर खुर्चीतून उठले आणि आईला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मोठ्या बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा आईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. जूनपासून." त्यात 'बघू' नव्हता. मला वाटतं त्यांनाही मनातून बरंच वाटलं असावं, कारण पहिल्या बक्षिसाची पितळी फुलदाणी माझ्या हातात देताना त्यांनी माझा गाल हलकेच ओढला.

घरी येताना परात आईनंच घेतली. अण्णा दारात उभे होते. हातात अर्धी कवळी तशीच. आईनं त्यांना आख्खी हकिकत बोळाच्या तोंडापासूनच सांगायला सुरुवात केली आणि ती सगळ्या पेठेनं ऐकली. त्या संध्याकाळी काकवीची बरणी उघडली. भाकरीत काकवी, वर तूप, आणि एक थेंब काचेखाली.

जूनमध्ये मी, शालन आणि आणखी एक मुलगी, अशा तिघी बोळ ओलांडून मुलांच्या शाळेत गेलो. आई फाटकापर्यंत आली आणि आम्ही आत जाईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. प्रयोगशाळेत लांब काळी टेबलं, गॅसचा वास, बाटल्यांतले साप आणि वळून वळून बघणारी पोरं. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. आमची नावं सगळ्यांत शेवटी होती. माझं नाव येईपर्यंत माझ्या कानांत शड्डू घुमत होते. ते आलं, आणि मी बाकावरून उठून अशी काही ओरडले, "हजर!", की मागच्या बाकावरच्या कुणाचं तरी दप्तर खाली पडलं.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ऐकू आलं बाई," ते म्हणाले. "अर्ध्या पेठेला आलं असेल."

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. आणि पहिल्या बाकावर जी बसले, ती मॅट्रिक होईपर्यंत तिथून हलले नाही.